न कापलेला मेंदू

बकऱ्याचा भेजा घरी आणला की माझी आई तो कधीच कच्चा कापायची नाही. वरची पातळ साल, जिच्यावर लाल रेघांचं जाळं असतं, ती नखाने अलगद सोलायची. मग भेजा हळद-मिठाच्या पाण्यात उकळायची, गार होऊ द्यायची आणि त्यानंतरच फोडी करायची. कच्च्या भेज्याला सुरी लावली तर तो फिसकटतो, लोण्यासारखा पात्यालाच चिकटून येतो. उकळला की घट्ट होतो. पुढे कळलं, की मेंदूचा अभ्यास करणारे प्रयोगशाळेत हेच करत आले आहेत. हळद-मिठाच्या पाण्याऐवजी त्यांच्याकडे फॉर्मालिन असतं आणि सुरीऐवजी मायक्रोटोम नावाचं अतिशय धारदार पात्याचं यंत्र. मेंदूच्या आत पाहायचं तर तो कापायचा आणि कापायचा तर आधी घट्ट करायचा.

या कापण्यातून मेंदूविज्ञान उभं राहिलं, हे खरंच आहे. १८७३ मध्ये इटलीत कामिल्लो गॉल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी मोजक्याच चेतापेशी काळ्या रंगवण्याची युक्ती शोधली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती युक्ती घेऊन पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या मेंदूचे असंख्य काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, हाताने चित्रं काढली आणि मेंदू हा सुट्या सुट्या पेशींचा बनलेला आहे, हे दाखवून दिलं. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. पण कापाची एक मर्यादा कोणालाच ओलांडता येत नव्हती. चेतापेशीचा गाभा एका कापात असतो, तिचा लांब धागा पुढच्या शंभर कापांतून वाट काढत जातो. लोकरीचा गुंडा सुरीने चकत्या करून कापावा आणि मग त्यातला एकच धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधावा, तसं ते काम. एखादी चकती चुरगळली, फाटली, हरवली, की धागा तुटला. शिवाय कापलेला मेंदू पुन्हा अखंड होत नाही. त्याला विचारायचा प्रश्न आधीच ठरवावा लागतो, कारण दुसरी संधी नसते.

न कापता आत पाहण्याचं साधन खरं तर काहाल यांच्या हयातीतच हाती आलं होतं. नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गला विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताची हाडं काचेवर उमटवली. हाडं दिसली, अंगठी दिसली. मेंदूने मात्र या किरणांना दाद दिली नाही. डोक्याचा साधा एक्स-रे काढला तर कवटी ठळक दिसते आणि आत नुसती पोकळी असल्यासारखं वाटतं.

याचं कारण अणूंत आहे. क्ष-किरण अडवण्याची ताकद अणुक्रमांकाबरोबर झपाट्याने वाढते. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक २०. मेंदूतला कार्बन ६, नायट्रोजन ७, ऑक्सिजन ८ आणि हायड्रोजन तर १. ताज्या मेंदूत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. या हलक्या अणूंमधून क्ष-किरण आरपार जातात, आणि मेंदूचा एक भाग दुसऱ्या भागापेक्षा किरण जास्त अडवतो असंही फारसं होत नाही. सावलीच पडत नसेल तर चित्र कुठून येणार?

हा पेच आधी ज्यांनी सोडवला ते गॉडफ्री हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, लंडनजवळच्या हेज इथल्या ईएमआय कंपनीच्या प्रयोगशाळेतले अभियंते होते. त्यांची कल्पना अशी: एकाच बाजूने पाहू नका, सगळ्या बाजूंनी पाहा. एका सावलीत सगळं एकावर एक पडून गोंधळ होतो. पण वस्तूभोवती फिरत शेकडो सावल्या टिपल्या, तर आतल्या प्रत्येक बिंदूवर किती किरण अडले याचं गणित मांडता येतं. हे गणित योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्येच मांडून ठेवलं होतं आणि ॲलन कॉरमॅक यांनी साठच्या दशकात त्याची वेगळी वाट शोधली होती. हाउन्सफील्डनी ते स्वतंत्रपणे, लोखंडात उतरवलं. जुन्या लेथच्या पट्टीवर बसवलेलं त्यांचं पहिलं यंत्र एका छेदासाठी २८,००० मोजमापं घ्यायचं आणि त्याला नऊ दिवस लागायचे. मग मोठ्या संगणकावर अडीच तास आकडेमोड.

सुरुवातीला त्यांनी फॉर्मालिनमध्ये टिकवलेला मानवी मेंदू ठेवून पाहिला. चित्र आलं, मेंदूतला करडा आणि पांढरा भाग वेगळे दिसले. पण पुढे लक्षात आलं, की हा फरक फॉर्मालिनने फुगवलेला आहे. घट्ट करण्याच्या रसायनानेच निकाल सजवला होता! खात्री करायची तर ताजा मेंदू हवा. म्हणून हाउन्सफील्ड कापलेल्या बैलांचे ताजे मेंदू आणून यंत्रात ठेवू लागले. सार्वजनिक वाहनातून, लंडनच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, सोबत बैलाचा मेंदू घेऊन केलेल्या या प्रवासाची आठवण त्यांनी पुढे नोबेलच्या वेळी लिहिलेल्या आत्मकथनात आवर्जून नोंदवली आहे. ताज्या मेंदूत फरक कमी ठळक होता, पण होता. त्या खात्रीवर काम पुढे गेलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९७९ चं वैद्यकाचं नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना मिळालं. आज कुठल्याही तालुक्याच्या गावी डॉक्टर सहज ‘सीटी करून घ्या’ म्हणतात, त्या वाक्यामागे बैलांचे ते मेंदू आहेत.

तो फरक किती लहान आहे, हे हाउन्सफील्डच्याच मापपट्टीवर कळतं. या पट्टीवर पाणी शून्य, हवा उणे एक हजार आणि घट्ट हाड एक हजाराच्या आसपास. मेंदूचा करडा भाग साधारण ३५ ते ४० आणि पांढरा भाग २५ ते ३०. हजारांच्या पट्टीवर दहा घरांचं अंतर. रुग्णालयातला स्कॅन तेवढ्यावर रक्तस्राव किंवा गाठ शोधतो. पण संशोधकाला उंदराच्या मेंदूतली एक पेशी पाहायची असेल तर? ती पेशी १० ते २० मायक्रॉनची, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याची. तिचा धागा तर मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका बारीक असू शकतो. रुग्णालयाच्या यंत्राला अर्ध्या मिलिमीटरच्या खाली फारसं दिसत नाही. इथून पुढची गोष्ट दोन वाटांनी जाते: मेंदूला रंग द्या, नाहीतर किरणांकडूनच वेगळं काम करून घ्या.

रंग म्हणजे इथे जड धातू किंवा जड मूलद्रव्य. सगळ्यात सोपं आयोडिन, अणुक्रमांक ५३. खरचटल्यावर लावायचं ते तपकिरी औषध आठवा. त्याच आयोडिनच्या द्रावणात मेंदू काही दिवस बुडवून ठेवला, की ते वेगवेगळ्या भागांत कमी-जास्त मुरतं आणि क्ष-किरणांना अडवू लागतं. यापेक्षा जबरदस्त म्हणजे ऑस्मियम टेट्रॉक्साइड. ऑस्मियमचा अणुक्रमांक ७६, शिशाच्या फार मागे नाही. ते चरबीला घट्ट धरतं, आणि पेशीचं पातळ आवरण चरबीचंच असल्यामुळे प्रत्येक पेशीची सीमारेषाच जणू धातूने आखली जाते. हे रसायन घातक आहे. त्याची वाफ डोळ्याच्या बुबुळालाही रंगवते, म्हणून वाफ ओढून घेणाऱ्या बंद कपाटातच, हातमोजे घालून त्याला हात लावतात. त्यातून बाहेर आलेला मेंदूचा तुकडा काळाठिक्कर असतो. मग तो राळेत, म्हणजे इपॉक्सी रेझिनमध्ये बसवतात. राळ कडक झाली, की एरवी सुरीला चिकटणाऱ्या त्या अवयवाचा दगडासारखा ठोकळा होतो.

दुसरी वाट मला जास्त सुंदर वाटते. उन्हाळ्यात नदीचं पाणी उथळ आणि नितळ असतं तेव्हा तळाच्या वाळूवर उजळ रेघांचं हलतं जाळं दिसतं. पाण्याने ऊन अडवलेलं नसतं. पृष्ठभागावरच्या लाटांनी ते किंचित वळवलेलं असतं, आणि वळलेलं ऊन तळापर्यंत पोहोचेतो काही जागी एकवटतं, काही जागी विरळ होतं. क्ष-किरणांचंही तसंच होतं. मेंदूतून जाताना ते अडत नाहीत, पण त्यांच्या लाटा किंचित पुढे-मागे सरकतात. टिपणारा पडदा मेंदूला चिकटून ठेवला तर हे कळत नाही. तो थोडा लांब ठेवला, की पेशींच्या कडा उजळ आणि गडद रेघांनी उमटू लागतात. हलक्या अणूंच्या बाबतीत हा परिणाम किरण अडण्याच्या परिणामापेक्षा हजार पटींपर्यंत मोठा असू शकतो. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात लाटांच्या या सरकण्याचा उपयोग करणाऱ्या फ्रिट्स झेर्निके यांना १९५३ मध्ये नोबेल मिळालं होतं. क्ष-किरणांत तो रुळायला नव्वदचं दशक उजाडलं. अल्झायमरचा अभ्यास करण्यासाठी वाढवलेल्या उंदरांच्या मेंदूतले प्रथिनांचे साके याच रीतीने, कुठलाही रंग न देता त्रिमितीत दिसले आहेत.

पण त्यासाठी लाटा शिस्तीत हव्यात, एका तालात चालणाऱ्या. रुग्णालयातल्या नळीतून येणारे क्ष-किरण म्हणजे जत्रेतली गर्दी. तालात चालणारे किरण हवे असतील तर सिंक्रोट्रॉनकडे जावं लागतं. चिखलातून पळणाऱ्या चाकावरून चिखल सरळ रेषेत उडतो, तसे वर्तुळात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना चुंबकांनी वळवलं, की प्रत्येक वळणावर क्ष-किरण सरळ बाहेर फेकले जातात. फ्रान्समध्ये ग्रनोबलला, दोन नद्यांच्या संगमावर, युरोपीय देशांचं सामाईक सिंक्रोट्रॉन आहे. त्याच्या वलयाचा घेर ८४४ मीटर. २०२० मध्ये ते नव्याने बांधून संशोधकांसाठी खुलं झालं आणि त्याचे किरण आधीपेक्षा शंभर पट प्रखर झाले. जपानचं स्प्रिंग-८ त्याहून मोठं, १,४३६ मीटरचं. आपल्या शेजारी इंदूरलाही राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे १७२ मीटर घेराचं वलय आहे आणि क्ष-किरणांनी प्रतिमा घेण्याची सोयही तिथे आहे.

रुग्णालयात रुग्ण स्थिर असतो आणि किरणांची नळी त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालते. ८४४ मीटरचं वलय काही मेंदूभोवती फिरवता येत नाही. म्हणून इथे किरण स्थिर असतात आणि मेंदूचा तुकडा सुईच्या टोकावर बसून स्वतःभोवती फिरतो, कुंभाराच्या चाकावरच्या मातीसारखा, पण अतिशय सावकाश. शिशाचा मुलामा दिलेल्या खोलीत माणूस थांबू शकत नाही. दार बंद होतं, बाहेर बसलेले संशोधक पडद्यावर एकामागून एक सावल्या येताना पाहतात. हजारो सावल्या जमल्या, की संगणक त्यांतून घन चित्र रचतो. त्या चित्राच्या सगळ्यात छोट्या ठोकळ्याला व्होक्सेल म्हणतात. छायाचित्रातला ठिपका म्हणजे पिक्सेल, त्याला जाडी दिली की व्होक्सेल. आता हवं त्या कोनातून, हवा तेवढा पातळ छेद घ्या. सुरी फक्त संगणकात चालते, मेंदू अखंडच राहतो.

याचा खरा अर्थ काय, हे लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत कार्ल्स बॉश, आंद्रेआस शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या २०२२ च्या कामात दिसतं. उंदराच्या मेंदूच्या अगदी पुढच्या टोकाला वास ओळखणारा छोटा गोळा असतो. नाकातून आलेला प्रत्येक संदेश आधी तिथे पोहोचतो. या गटाने जिवंत उंदराला वेगवेगळे वास दिले आणि खास सूक्ष्मदर्शकातून त्या गोळ्यातल्या कुठल्या जागा कोणत्या वासाला उजळतात, ते टिपून ठेवलं. मग तोच मेंदू रंगवून, राळेत बसवून सिंक्रोट्रॉनच्या किरणांपुढे धरला. आता प्रश्न असा, की जिवंतपणी उजळलेली जागा या काळ्या ठोकळ्यात नेमकी कुठली? तिथे त्यांना वाट दाखवली रक्तवाहिन्यांनी. प्रत्येक मेंदूतलं रक्तवाहिन्यांचं जाळं हाताच्या रेषांसारखं वेगळं असतं, आणि ते जिवंत चित्रातही दिसतं, क्ष-किरणांच्या चित्रातही. एका चित्रातली वाहिनी दुसऱ्यात शोधायची, फाटा जुळवायचा, पुढच्या फाट्याला जायचं. आईने नखाने सोलून टाकलेलं ते लाल जाळं इथे नकाशा झालं होतं.

जागा सापडली, की त्या जागेशी जोडलेल्या पेशी कुठून आल्या, त्यांच्या फांद्या कुठे गेल्या, ते घन चित्रात पाहता येतं. आणि पेशींमधले जोड आणखी जवळून पाहायचे असतील तर ठोकळ्याचा नेमका तेवढाच कण कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा. उंदराला काय जाणवलं आणि ते जाणवून देणारी तार कशी जोडलेली होती, या दोन गोष्टी एकाच प्राण्याच्या बाबतीत, एकाच पेशीच्या बाबतीत जोडता आल्या. आधी कापलं असतं तर हे झालं नसतं. माझ्या मते क्ष-किरणांनी मेंदूविज्ञानाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे: त्याच मेंदूकडे पुन्हा परतून येण्याची सवड.

याच सवडीने २०२० मध्ये हार्वर्ड आणि ग्रनोबलच्या गटाने फळमाशीच्या पायातल्या चेतातंतूंचा माग काढला. माशीचा पाय म्हणजे कडक कवच आणि आत मऊ तंतू, कापताना हमखास बिघडणारी गोष्ट. क्ष-किरणांना मात्र कवचाची अडचण नसते, ते दोन्हींतून आरपार जातात. स्नायूपासून थेट मज्जासंस्थेपर्यंत एकेक तंतू त्यांना सलग दिसला.

आणि जिथे कापायचा प्रश्नच येत नाही, तिथेही हीच रीत उपयोगी पडली. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या कोळशाच्या खाणीत सापडलेला, ३१ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या माशाचा एकुलता एक जीवाश्म संग्रहालयात होता. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याची कवटी सीटीखाली ठेवली, तर आत माशाचा मेंदू जपलेला दिसला. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकच जीवाश्म असताना त्याला छिन्नी कोण लावेल?

मात्र हे किरण निरुपद्रवी नाहीत, हे विसरता येत नाही. बारीक पाहायचं तर जास्त किरण लागतात, आणि किरण जितके जास्त तितका तुकडा भाजतो. माणसाच्या सगळ्या शरीराला एका वेळी चार-पाच ग्रे एवढा किरणोत्सर्ग झाला, तर उपचारांशिवाय वाचणं कठीण असतं. मेंदूच्या तुकड्याला या प्रयोगांत कोट्यवधी ग्रे सोसावे लागतात. तो मेलेला असतो, पण त्याची राळ मरत नाही, ती फुगते, तिच्यात बुडबुडे धरतात, तुकडा किंचित वाकतो. हजार सावल्या घेताना पाचशेव्या सावलीपर्यंत वस्तूच बदलली असेल तर सगळं गणित कोसळतं. म्हणून तुकडा द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवून पाहतात. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत बॉश-शेफर गटाने किरणांना दाद न देणारी वेगळी इपॉक्सी राळ वापरली आणि भिंगाविना चित्र घडवण्याची टायकोग्राफी नावाची रीत अवलंबली. तीत किरणांचा झोत तुकड्यावरून थोडा-थोडा सरकवतात, विखुरलेल्या किरणांच्या नक्ष्या टिपतात आणि चित्र संगणक रचतो. २०२५ मध्ये त्यांनी ३८ नॅनोमीटरपर्यंतचा तपशील दाखवला. दोन पेशी एकमेकींना भेटतात ते सिनॅप्स या मापावर ओळखू येऊ लागतात.

तरीही अजून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला तोड नाही, आणि त्याची किंमतही माहीत असायला हवी. २०२५ मध्येच अमेरिकेतल्या मायक्रॉन्स प्रकल्पाने उंदराच्या मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागातला एक घन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान तुकडा, पूर्ण उलगडून दाखवला. त्यासाठी बारा दिवस, रात्रंदिवस पाळ्या लावून २५ हजारांहून अधिक काप घ्यावे लागले. त्या दाण्यात सुमारे दोन लाख पेशी आणि ५२ कोटींहून जास्त सिनॅप्स निघाले, आणि माहिती साठली १.६ पेटाबाइट, म्हणजे सोळा लाख जीबी. उंदराचा अख्खा मेंदू अशा सुमारे ५०० दाण्यांएवढा आहे. एवढे काप, त्यातला एकही न गमावता? म्हणूनच संशोधक क्ष-किरणांकडे आशेने पाहतात. ठोकळा न कापता पुरेसं बारीक दिसलं तर काप हरवण्याची भीतीच उरत नाही.

प्राण्यांच्या बाजूनेही याकडे पाहायला हवं. रसेल आणि बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी १९५९ मध्ये प्रयोगांसाठी तीन कसोट्या घालून दिल्या: शक्य तिथे प्राणी वापरू नका, वापरलेत तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना कमीत कमी त्रास द्या. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांना आज त्या पाळाव्या लागतात. रक्तवाहिन्यांसाठी एक उंदीर, पेशींसाठी दुसरा, जोडांसाठी तिसरा, असं पूर्वी व्हायचं. आता एकाच मेंदूला हे तिन्ही प्रश्न विचारता येतात. मरणाऱ्या प्राण्यापुढे हा हिशोब छोटा वाटेल, पण तीन जागी एक हा फरक मला छोटा वाटत नाही.

प्रयोग संपल्यावर तो काळा ठोकळा टाकून देत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी खरवडलेला एखादा कोपरा सोडला तर तो तसाच असतो, राळेत घट्ट, नखाएवढा, डबीवर क्रमांक आणि तारीख घातलेला. उद्या कुणाला त्यात वेगळं काही शोधायचं असलं, आजच्यापेक्षा तीव्र किरण आणि शांत यंत्र हाती आलं, की डबी उघडून तो पुन्हा सुईच्या टोकावर बसवता येतो आणि त्याला पुन्हा फिरायला लावता येतं.